वाणात आलेली बाटली

आईला थायरॉईडची गोळी लागते. सकाळी उपाशीपोटी एक, चहाच्या अर्धा तास आधी. मी शाळेत होते तेव्हापासून हे चालू आहे. लखनौच्या अलीगंजमधल्या आमच्या घरात रोज पहिला आवाज होतो तो गोळीची स्ट्रिप फोडल्याचा, मग गॅसचा. मध्यंतरी ही गोळी कायमची बंद व्हायच्या बेतात आली होती. झाली असती तर त्यात माझाही हात असता. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी एरवी पत्रकं लिहिते. हिंदीत, एका पानाची. आमची संघटना लहान आहे, पाच-सहा माणसांची. औषधाच्या दुकानात बिल मागा, तारीख बघा, डॉक्टरांनी लिहिलेलं नाव आणि हातात आलेलं नाव ताडून पाहा, असल्या गोष्टी आम्ही छापतो आणि आलमबागला बसस्टँडवर, मेट्रोच्या जिन्यापाशी वाटतो. पत्रकाचा नियम मला पहिल्याच आठवड्यात शिकवला गेला. वरच्या ओळीत चोर दिसला पाहिजे. माणूस जिना चढता चढता वाचतो आणि चौथ्या-पाचव्या पायरीला कागद टाकून देतो. तेवढ्यात त्याला राग आला पाहिजे. मला हा नियम फार आवडला होता. अजूनही आवडतो, हे आधीच सांगून ठेवते.

हे मात्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्या बायकांशी याचा संबंध आहे त्या घरी मराठी वाचतात. आणि त्यांतल्या निम्म्या माझं हिंदी पत्रक वाचून माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या होत्या.

लखनौत मराठी घरं विखुरलेली आहेत. कोणी बँकेतलं, कोणी फौजेतलं, कोणी गोमती नगरच्या एखाद्या ऑफिसातलं. वर्षभर कोणी कोणाला भेटत नाही. संक्रांतीनंतर मात्र हळदीकुंकवाला सगळ्या येतात, थंडीत, शालीवर शाल घालून. सगळ्यात मोठं हळदीकुंकू असतं आमच्या मागच्या गल्लीतल्या काकूंचं. काका एअर फोर्समधून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. त्यांचा मुलगा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणते. तो व्हिटॅमिनच्या गोळ्या, प्रोटीनच्या पावडरी असलं बनवणाऱ्या एका कंपनीच्या गोमती नगरच्या ऑफिसात आहे. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर तो हिंदीतच देतो.

त्या वर्षी आई काकूंकडून आली ती हातात पांढरा खोका घेऊन. खोक्याला सोनेरी रिबन.

"हे काय आणलंस?"

"वाण."

"वाणात गोळ्या?"

"मग काय झालं? दरवर्षी ते प्लास्टिकचे डबे आणायचे. झाकण याचं त्याला लागत नाही. वहिनींनी या वर्षी उपयोगाचं काहीतरी दिलं."

मी खोका फोडला. आत जाड काचेची बाटली, साठ गोळ्यांची. केस, त्वचा, नखं यांच्यासाठी. मागे सरकारी परवान्याचा चौदा आकडी नंबर. बायोटिन नावाच्या व्हिटॅमिनचं प्रमाण, आणि त्यापुढे रोजच्या गरजेच्या किती टक्के त्या रकान्यात चक्क पाच आकडी संख्या. खाली बारीक इंग्रजीत, औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. कंपनीच्या वेबसाइटवर पांढऱ्या कोटातला एक माणूस हसत होता आणि त्याच्या खाली, मोठं करून बघितल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, 'मॉडेल' लिहिलं होतं. मला एवढं पुरे होतं.

"फेकून दे," मी आईला म्हटलं. "खडूची भुकटी असेल. फार तर रंग."

"वाण फेकत नाहीत."

"मग ठेव शोकेसमध्ये."

"माझे केस बघ की जरा," आई म्हणाली. तिने कंगवा पुढे केला. कंगव्यात केसांचा गुंता होता. थायरॉईड असलेल्यांचे केस जातातच, डॉक्टरांनी तिला ते पूर्वीच सांगितलं होतं. पण सांगितल्याने केस थांबत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तिने दुपारच्या जेवणानंतर एक गोळी घ्यायला सुरुवात केली. सकाळच्या गोळीपासून लांब, आठवणीने. त्या बाबतीत ती फार काटेकोर आहे. काकूंकडे दादाने आणलेल्या खोक्यांची चळत होती. आईला केसांसाठी म्हणून काकूंनी पुढे आणखी दोन बाटल्या पाठवल्या.

होळीच्या आधी आईची नेहमीची रक्ततपासणी असते. रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मी बरोबर असते, कारण आईला त्यांचं भराभर बोलणं पकडता येत नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. रिपोर्टप्रमाणे आईच्या शरीरात थायरॉईड जास्त झालं होतं. म्हणजे गोळी जास्त होत होती.

"और कोई दवा तो नहीं ले रहीं?"

"नहीं डॉक्टर साहब. बस यही एक."

आई खोटं बोलली नाही. तिच्या लेखी ती बाटली दवा नव्हती. दवा दुकानातून येते, कडू असते, तिला चिठ्ठी असते. ही हळदीकुंकवातून आली होती. आईचं मी समजू शकते. पण मी शेजारच्या खुर्चीत बसले होते, मला बाटलीवरचं अक्षर न् अक्षर पाठ होतं, आणि मीही काही बोलले नाही. कारण माझी खात्री होती की त्या गोळीत काही नाहीच. जे काही नाहीच ते डॉक्टरांना काय सांगायचं?

डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. आई खूष. येताना ई-रिक्षात म्हणाली, "बघ, शरीर सुधारतंय."

एप्रिल लागला. लखनौचा एप्रिल म्हणजे दुपारी रस्त्यावर पाय ठेवता येत नाही. बाबांना रजया धुऊन पेटीत घालायच्या होत्या आणि आई तिची रजई सोडत नव्हती.

"अगं, लोक काय म्हणतील? बाल्कनीत रजई वाळत घातलेली दिसते."

"लोकांना वाजतेय का थंडी? मला वाजतेय."

"एप्रिलमध्ये?"

"मग मी काय करू? कॅलेंडर बघून थंडी थांबवू?"

सुरुवातीला आम्ही हसलो. मग हसणं कमी झालं. आईचा आवाज जड झाला, सर्दी झाल्यासारखा. भाजी निवडता निवडता ती पेंगायला लागली. हातातली मेथीची जुडी तशीच हातात आणि मान खाली. सकाळी चेहरा सुजलेला. कुणी काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागायचा, जणू ती आतल्या खोलीत जाऊन शोधून आणतेय.

सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. रिपोर्ट तसाच. थायरॉईड अजूनही जास्त. डॉक्टरांना पटत नव्हतं, पण कागद समोर होता. त्यांनी गोळी आणखी कमी केली, गळ्याचा स्कॅन सुचवला आणि म्हणाले, "अगली बार भी यही रहा तो बंद ही कर देंगे."

घरी येऊन मी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. गोळी निम्मी केली तरी आकडा हलत नाही. म्हणजे बाहेरून कुठून तरी आणखी थायरॉईड तिच्या पोटात जातंय. कुठून? घरात नवीन आलेली वस्तू एकच. वजन कमी करायच्या पावडरींत असली औषधं लपवून घालतात हे मी वाचलेलं होतं. माझ्या डोक्यात सगळं खटाखट जुळलं. आधी मला वाटत होतं की गोळीत काहीच नाही, आता वाटायला लागलं की गोळीत भलतंच काहीतरी आहे. लेबलवर लिहिलंय तेच आत असेल, ही एकच शंका मला कधी आली नाही.

मी आईला सांगितलं. ती रजईत बसून ऐकत होती.

"म्हणजे या बाटलीत थायरॉईडचं औषध आहे म्हणतेस?"

"लपवलेलं. केसांना तरतरी यावी, बाईला बरं वाटावं, म्हणून."

"मग मला गरम व्हायला पाहिजे ना? तुझ्या मावशीचं वाढलं होतं तेव्हा ती डिसेंबरात गार पाण्याने अंघोळ करायची. हाताला कंप सुटलेला. मला तर उठवत नाहीये."

"प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, आई."

हे मी म्हटलं. एका बाईला, तिच्याच शरीराबद्दल, ती शरीरात बसलेली असताना. आणि पुढचं वाक्य त्याहून वाईट होतं.

"आत्ता बंद करू नकोस. पुढच्या तपासणीपर्यंत घे. आत्ता थांबवलंस तर कंपनी म्हणेल कशावरून. तीन रिपोर्ट सलग मिळाले की त्यांना तोंड उघडायला जागा राहणार नाही."

बाबा दारात उभे होते. ते बँकेत होते, कमी बोलतात. "आणि मधल्या मध्ये तिला काही झालं तर?"

"सहाच आठवडे आहेत, बाबा."

"डॉक्टरांना तरी सांग."

"त्यांच्या टेबलावर कंपनीचं कॅलेंडर आहे. केशरी-पांढरं, त्यांच्या वेबसाइटसारखं. मी पाहिलंय."

 आईनेच विषय संपवला. "घेते मी. नाहीतरी अजून एक बाटली आहे." तिच्या आवाजात माझ्यावर विश्वास होता, की नुसता थकवा होता, मला सांगता येणार नाही. तेव्हा मी तो विश्वासच धरला.

मग मी गोमती नगरला दादाच्या ऑफिसात गेले. काचेची इमारत, आत शिरल्या शिरल्या संत्र्याचा वास. दादाने मला पेपर कपात काहीतरी नारिंगी दिलं. मी ते टेबलावर ठेवून दिलं.

"पी ना यार, ज़हर नहीं है."

"या गोळ्यांमध्ये काय आहे, दादा?"

"जो लिखा है."

"इतकं जास्त कशाला?"

"पानी में घुलने वाला विटामिन है. ज़्यादा हुआ तो बॉडी निकाल देती है. नुकसान किस बात का? मैं खुद खाता हूँ. मम्मी खाती हैं."

त्याने मला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र दाखवलं. एकही डाग नाही, एकही खाडाखोड नाही, सगळे आकडे सरळ रांगेत. इतकं स्वच्छ होतं की मला त्याचाच संशय आला. मी विचारलं, वाणाची कल्पना कोणाची? काकूंची?

"नहीं नहीं, ऊपर से आई थी. हर कम्युनिटी का कोई न कोई फ़ंक्शन होता है. बंगालियों का, पंजाबियों का, हमारा हल्दी-कुमकुम." तो मोकळेपणाने सांगत होता. "लोग दुकान की चीज़ पे सौ सवाल करते हैं. घर से आई चीज़ पे एक भी नहीं."

मी ते वाक्य तिथल्या तिथे मोबाइलमध्ये लिहून घेतलं. दादा हसला. "पर्चा छापेगी? छाप. मेरा नाम मत डालना बस."

मी छापलं. नाव टाकलं नाही, ना त्याचं ना कंपनीचं. त्याची गरजच नव्हती. वरची ओळ होती, 'आपकी थाली में कौन सी दवा छिपाई जा रही है?' आणि खाली, सणासमारंभात फुकट वाटल्या जाणाऱ्या केसांच्या गोळ्यांत हॉर्मोन मिसळलेलं असल्याचा दाट संशय आहे, एका महिलेचे रिपोर्ट आमच्याकडे आहेत. संघटनेत एकाने विचारलं, गोळी तपासून घ्यायची का? मी म्हटलं, तपासणीला महिने लागतात, तोवर किती बायका खातील? हे ऐकायला बरोबर वाटतं. सगळ्यांनी मान डोलावली.

इथल्या ज्येष्ठातला पहिला मोठा मंगळवार आला, हनुमानाचा दिवस. अलीगंजात त्या दिवशी दर पन्नास पावलांवर भंडारा असतो. पुरी-भाजी, बुंदी, सरबत, आणि लाउडस्पीकर. कंपनीनेही एक मांडव घातला होता आणि तिथे तिची माणसं पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांचं नारिंगी सरबत वाटत होती. मी मांडवासमोर उभी राहून पत्रकं वाटली. एक आजोबा एका हातात सरबताचा ग्लास आणि दुसऱ्या हातात माझं पत्रक घेऊन उभे राहिले, पत्रक वाचलं, ग्लास संपवला आणि म्हणाले, "बिटिया, लिखा अच्छा है. ठंडा भी अच्छा है."

संध्याकाळी मी पत्रकाचा फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तासभर कोणी काही लिहिलं नाही. मग काकूंचा निरोप आला. 'माझ्या घरचं वाण तुम्हा सर्वांना विषासारखं लागलं असेल तर क्षमा असावी.' पाठोपाठ त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. त्यानंतर बाजारात समोर आल्या तरी त्या भाजीवाल्या भैयाशीच बोलायच्या, मोठ्या आवाजात, मी तिथे नसल्यासारख्या.

आईने ग्रुपवरचं वाचलं आणि मोबाइल उशीखाली ठेवला. "तू वहिनींना आधी विचारायला हवं होतंस," एवढंच म्हणाली आणि तोंड भिंतीकडे करून झोपली. दुपारचे चार वाजले होते. ती त्या दिवसांत कधीही झोपायची.

मे संपता संपता तिसरी तपासणी. याच रिपोर्टची मी वाट बघत होते. लॅबमध्ये आई शाल पांघरून बसली होती. आजूबाजूची माणसं रुमालाने मान पुसत होती. रक्त घेणारी मुलगी या वेळी नवीन होती, माझ्याच वयाची असेल. तिने आईच्या दंडाला रबरी पट्टा बांधला, नस चाचपली आणि फॉर्मकडे बघत सवयीने विचारलं, "आंटी, बाल वाली गोली तो नहीं खातीं? बायोटिन?"

"वो?" आई म्हणाली. "वो तो वाण में आई थी."

"किसमें?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "गिफ़्ट में."

"गिफ़्ट हो चाहे परसाद, मशीन को क्या पता." तिने पट्टा सोडला. "आज नहीं लूँगी. चार-पाँच दिन बंद करके आइए."

 मी तिला विचारलं, गोळीत हॉर्मोन मिसळलेलं असू शकतं ना?

"नहीं दीदी. गोली ठीक होती है. हमारी मशीन जिस चीज़ से हॉर्मोन पकड़ती है, उसमें यही बायोटिन लगता है. खून में पहले से इतना भरा हो तो मशीन धोखा खा जाती है. उल्टा रिपोर्ट देती है. कम को ज़्यादा." मग तिने आईच्या शालीकडे हात केला. "और हॉर्मोन मिला होता तो आंटी मई में शॉल ओढ़ के आतीं?"

हे आईने मला रजईत बसून सांगितलं होतं. माझ्याच घरात, माझ्याच भाषेत.

बाहेर आल्यावर ई-रिक्षा मिळेना. आम्ही एका दुकानाच्या पायरीवर बसलो. मी हिशेब करत होते. म्हणजे आईला गोळी कधीच जास्त होत नव्हती. तिची चांगली चाललेली गोळी निम्मी झाली, मग पाव झाली, आणि पुढच्या भेटीत बंद झाली असती. आणि शेवटचे सहा आठवडे ती बाटली माझ्या सांगण्यावरून चालू होती. पुरावा हवा होता मला. तो सहा आठवडे रजईत बसून होता.

"आई, मी..."

"भूक लागलीय," आई म्हणाली. "उपाशीपोटी आणलंस आणि रक्तही घेतलं नाही. काहीतरी खायला बघ."

मी बंद-मक्खन आणलं, लोणी लावलेला गोड पाव. तिने ते हळूहळू खाल्लं. तिचे जबडेही थकलेले दिसत होते.

पाच दिवसांनी घेतलेला रिपोर्ट बरोबर उलटा आला. आईचं थायरॉईड खूप कमी होतं. डॉक्टरांनी तो कागद आधीच्या दोन रिपोर्टांशेजारी ठेवला.

"आपने बताया क्यों नहीं?"

"आपने दवा पूछी थी," आई म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "आप तो साथ थीं."

 मी टेबलाकडे बघत राहिले. केशरी-पांढरं कॅलेंडर तिथेच होतं. ते बाथरूमच्या टाइल्स विकणाऱ्या दुकानाचं होतं.

डॉक्टरांनी गोळी पहिल्यासारखी केली. एकदम बरं वाटणार नाही, म्हणाले, निदान दोन महिने जातील. सूज, थंडी, झोप, सगळं सावकाश उतरेल. बाहेर पडल्यावर मला वाटलं आई घरी चल म्हणेल. ती म्हणाली, "वहिनींकडे."

"आज? आई, तुला उभं राहवत नाहीये."

"म्हणूनच. बसायला घर आहे त्यांचं."

काकूंनी दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत, पण बाजूला झाल्या. दादा नुकताच ऑफिसमधून आला होता, सोफ्यावर मोजे काढत होता.

"नवीन पत्रक आणलंयस का?" काकूंनी विचारलं. "आण. आमच्या रद्दीवाल्याला तुझा कागद आवडतो, जाड असतो."

"काकू, मी चुकीचं लिहिलं. गोळीत भेसळ नव्हती."

"ते मला तू सांगायला नको. माझा मुलगा काय विष विकतो?"

"नाही काकू."

"ग्रुपवर लिहिशील हे?"

"लिहीन. आजच."

मग आईने बोलायला सुरुवात केली. सावकाश, मध्ये मध्ये थांबत. गोळी चांगली आहे वहिनी, पण ती घेतली की मशीन फसतं. माझी गोळी कमी झाली ती त्याच्यामुळे. मी औषध म्हणून सांगितलंच नाही डॉक्टरांना, वाण होतं ते. काकू ऐकता ऐकता आईच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. बहुतेक पहिल्यांदाच नीट. महिनाभर त्या आमच्या घराकडे फिरकल्या नव्हत्या.

दादा मोजा हातात धरून म्हणाला, "अरे हाँ. वो तो है. ट्रेनिंग में बताया था. ब्लड टेस्ट हो तो कस्टमर को बोलना, कुछ दिन रोक दे."

काकू दादाकडे वळल्या.

"तुला माहीत होतं?" काकूंनी विचारलं.

"सबको पता है, मम्मी. एक स्लाइड होती है."

"मला नाही सांगितलंस."

"आप कस्टमर थोड़ी थीं. वो तो गिफ़्ट था."

मी शोकेसमधली काकूंची बाटली घेतली आणि पुन्हा एकदा वाचली. कोरड्या जागी ठेवा. मुलांपासून दूर ठेवा. सांगितल्यापेक्षा जास्त घेऊ नका. तपासणीबद्दल एक अक्षर नाही. "बाटलीवर का नाही, दादा?"

"जितना क़ानून बोलता है उतना लिखा है, यार. और रिपोर्ट गड़बड़ाना नुकसान थोड़ी है. नुकसान तो..." त्याची नजर आईवर गेली आणि तो थांबला. आई सोफ्याच्या कडेला शाल घट्ट ओढून बसली होती. तिच्या पायांना इतकी सूज होती की चपलेचा पट्टा मांसात रुतला होता.

मला कबूल केलं पाहिजे की तेवढ्यातही माझ्या डोक्यात नव्या पत्रकाची वरची ओळ तयार झाली होती. विकत घेणाऱ्याला सांगायचं, फुकट देताना गप्प बसायचं. चांगली ओळ होती, आणि या वेळी खरी होती. कंपनीला माहीत होतं. घरातून आलेल्या वस्तूवर कोणी प्रश्न विचारत नाही हेही माहीत होतं, आणि म्हणून तर ती घरातून पाठवली होती. काकूंना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं.

"तुझं ते लिहिणं नंतर," त्या म्हणाल्या. "आधी वही घे. कपाटावर आहे."

वही आईने घेतली. काकू डोळे मिटून त्या दिवशी कोण कुठे बसली होती ते आठवायला लागल्या. दाराजवळ कँटोन्मेंटमधल्या दोघी. खिडकीशी बँकवाल्या मॅडम, त्यांची सून. हिरव्या शालीतली, तिळगुळ घेतला नाही ती. आई एकेकीचं नाव लिहीत होती. पेन तिच्या सुजलेल्या बोटांत नीट बसत नव्हतं. मी वही मागितली. तिने दिली नाही.

पहिला फोन काकूंनी लावला, स्पीकरवर. "अगं, मी दिलेलं वाण घेतेयस का तू?"

"हो काकू. केस छान झालेत हो."

"ते असू दे. रक्त तपासायचंय का तुला एवढ्यात?"

दुसरीने बाटली उघडलीच नव्हती. तिसरीची तपासणी चार दिवसांवर होती. ती घाबरली, काकूंनी तिला दोनदा सगळं समजावलं. चौथी म्हणाली, "काकू, रागावू नका, मी ती माझ्या कानपूरच्या नणंदेला दिली. वाण म्हणूनच."

"तिचा नंबर दे."

नंबर आईने लिहून घेतला. काकूंनी मोबाइल दादाच्या हातात दिला. "हिला तू लाव. तुझ्या कंपनीचा माल आहे, तूच सांग."

"मम्मी, मैं तो उनको जानता भी नहीं."

"ती तरी तुला कुठे ओळखते? तरी खाल्लीच ना गोळी."

दादाने नंबर लावला. मी त्याचा शब्द न् शब्द ऐकत होते, काय गाळतो ते बघायला. त्याने आधी नमस्ते म्हटलं, मग कंपनीचं नाव सांगितलं, मग थोडा अडखळला आणि म्हणाला, "जाँच से पहले बंद करनी होती है. बताना चाहिए था, नहीं बताया गया." काही गाळलं नाही. 'हमने नहीं बताया' असं मात्र म्हणाला नाही. ते मी ध्यानात ठेवलं आहे.

यादीतली अजून बरीच नावं बाकी होती. आईने एका नावापुढे खूण केली आणि मान वर न करता म्हणाली, "वहिनी, कूलर बंद करता का जरा?"

जूनची संध्याकाळ होती. काकूंनी उठून कूलर बंद केला. दादाच्या कपाळावर लगेच घाम आला. माझ्याही. काकूंनी पदराने मान पुसली, आईच्या पायांवर घडीची चादर टाकली आणि पुढचा नंबर लावला.